‘गो’चं शेपूट

ये गं ऋतू, अशी जवळ सरक. पत्राच्या पानावरून जवळ कशी सरकू म्हणून हसशील, तर हे पान जरा नाकाशी धर, म्हणजे झालं. आधी रागावून घेते, मग पुढचं सांगते. परवा आपलं फोनवर बोलणं झालं आणि शेवटाला तू काय म्हणालीस? "चल आजी, जाते." जाते! माझ्या नातीच्या तोंडी हे? किती वेळा सांगितलं असेल, उंबऱ्यातून निघायचं असो की फोन ठेवायचा असो, 'येते' म्हणावं. तुझी आई म्हणते, पुण्यात आता सगळ्याच पोरी असं बोलतात. बोलू देत. तू बोलू नकोस. आणि त्याच फोनवर तू कुरकुरत होतीस, की परीक्षेला गो ऑफ, गो थ्रू, कम अक्रॉस असली ढीगभर क्रियापदं आहेत आणि एकही डोक्यात राहत नाही. मी म्हटलं, पाठ करू नको बाई, ती पाठ करायची चीजच नव्हे. तर तू पटकन म्हणालीस, "आजी, तू सातवी शिकलेली, तुला काय माहीत?" त्याचा मला राग नाही आला. खरंच सातवीच शिकले मी. पण ह्या सातवीवाल्या बाईला इंग्रजी कुणी शिकवलं ते तुला सांगायचं राहून गेलं होतं, एवढं ध्यानात आलं. 'राहून गेलं' म्हणाले बघ. राहिलंही आणि गेलंही. आपली भाषा काही कमी खट्याळ नाही.

माझं माहेर तळेघरच्या बाजूचं, हे तुला माहीत आहे. भाताची खाचरं, नाचणीच्या उतरत्या पट्ट्या, आणि घरं अशी की एकाचं अंगण दुसऱ्याच्या कौलांच्या वर. तिकडं कुणी नुसतं 'जा' म्हणत नाही. 'वर जा', 'खाली ये', 'वळसा घालून जा', 'आडवी उतर'. आई भाकरी थापता थापता ओरडायची, "हौसे, खालनं पाणी आण, आन् येताना वरनं काकाला हाक मार," आणि त्यात काही चूक नसायची, कारण पाणी खाली होतं आणि काका वर. एसटी कधी यायची, कधी यायचीच नाही. मग चालायचं. हिरड्याच्या दिवसांत तर आम्ही पोरी सकाळी निघायचो ते सांजेला पाटीभर हिरडा घेऊन उतरायचो, आणि कुणी विचारलं कुठं होतीस, तर बोट दाखवून सांगायचो, "त्या अंगाला, वर." पुढं इंग्रजी कानावर पडलं तेव्हा मला ते ओळखीचं वाटलं ते यामुळंच, असं आता म्हातारपणी वाटतं. इंग्रज लोक मुळात डोंगरातले असावेत. त्यांनाही नुसतं 'जा' म्हणवत नाही.

सातवी झाली आणि आमच्याकडची शाळा संपली. मावशी खोडदला दिलेली होती. तिला मूलबाळ नव्हतं, गुडघे धरलेले, आणि तिचा नवरा कांद्याच्या गाडीबरोबर सदा बाहेर. आईनं मला खाली पाठवलं. "मावशीला हात लाव, पुढची शाळा तिथं जवळ हाय." शाळा जवळ होती हे खरं, पण मावशीचे गुडघे त्याहून जवळ होते. तेव्हा शाळा काही झाली नाही. झालं ते हे: पहाटे शेणाची टोपली, मग म्हैस, मग बाजरीच्या भाकरी, मग कांद्याच्या वाफ्यात खुरपणं. मावशीची भाकरी थापण्याची एक लय होती, थप थप थप आणि मग एक थांबा, त्या थांब्यात ती मला काहीतरी बोलायची. अजून कुणी भाकरी थापताना ऐकलं की त्या थांब्यात मी कान टवकारते. आणि बाहेर, शेतांच्या पलीकडं, लोखंडावर लोखंड वाजायचं. त्या काळात तिथं आभाळ न्याहाळणाऱ्या दुर्बिणीच्या मोठाल्या अँटेना उभ्या राहत होत्या. गावात सगळे छत्र्याच म्हणायचे. दिवसभर ठणठण, मध्येच वेल्डिंगचा निळा उजेड, आणि एखादी पुरी झालेली छत्री हळूच मान वळवून आभाळाकडं बघायची. मावशी म्हणायची, "लागली बघाय वर. काय दिसतंय तिला कुणास ठावं. हितं माझी म्हस आटली, ते न्हाई दिसत."

मला तिथं सगळं होतं. दुःख एकच होतं, भाताचं. आमच्याकडं दोन्ही वेळा भात, पेज, नाहीतर नाचणी. मावशीकडं सकाळी बाजरी, संध्याकाळी बाजरी, आणि भात सणाला. आईनं बरोबर दिलेलं तांदळाचं गाठोडं मावशीनं पाहुण्यांसाठी म्हणून कणगीमागं ठेवून दिलं होतं. बाजरी वाईट असते असं नाही गं, पण पोट डोंगरातलं होतं. अशात मावशीच्या पडवीकडच्या खोलीत एक जोडपं भाड्यानं राहायला आलं. साहेब छत्र्यांच्या केबलच्या कामावर, सकाळी जीपनं जायचे ते दिवेलागणीला यायचे. बाई तंजावरकडच्या, नाव विजया. मी त्यांना मॅडम म्हणायची, गाव नुसतं 'मद्रासीण' म्हणायचं. मराठी त्यांना येत नव्हतं, हिंदी माझ्याइतकंच मोडकं. पण त्यांच्या खोलीतून रोज सकाळी भाताची पेज ओतल्याचा वास यायचा. आठवडाभर मी तो वास लांबून घेतला. मग एक दिवस हातातली केरसुणी तशीच घेऊन त्यांच्या दाराशी जाऊन उभी राहिले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी भाताकडं बघत होते ते बघितलं, आणि म्हणाल्या, "कम इन." 'कम' मी शाळेत शिकले होते. 'इन' मात्र त्या वाफेतून आलं. शिळा भात ताकात कालवलेला, वर हिरवी मिरची. हुबेहूब आमच्या घरचा. तंजावर कुठं, तळेघर कुठं! मी जेवले आणि रडलेही थोडी. त्यांनी विचारलं नाही. अजून वाढला.

मला शिकवायला म्हणून त्यांनी कधी बसवलं नाही. कामं होती, आणि कामं बोलल्याशिवाय होत नाहीत. "गो अप," म्हणायच्या आणि घराच्या वरच्या धाब्याकडं बोट. पापड वाळत घातलेत ते "ब्रिंग डाऊन". "गो राऊंड," म्हणजे पुढून नको, ओलं सारवलंय, वळसा घालून मागच्या दारानं ये. वर, खाली, वळसा. माझ्या आईचंच बोलणं, नुसते कपडे बदललेले! पण काही वेळा फजितीही झाली. एकदा म्हणाल्या, "रॉकेल हॅज रन आऊट." मी धावत बाहेर. अंगणात बघितलं, गटाराशी बघितलं, कुठं वास नाही, डाग नाही. परत येऊन हात हलवले, "नो रॉकेल आऊट!" त्या पोट धरून हसल्या आणि रिकामा डबा उलटा करून दाखवला. पळालं नव्हतं, संपलं होतं. दुसऱ्या खेपेला मी त्यांच्या स्टोवरचं दूध बघून ओरडले, "मॅडम, मिल्क गो ओव्हर!" त्या म्हणाल्या 'बॉईल ओव्हर', पण अर्थ पोचला, कारण दूध तिकडंही काठ ओलांडूनच जातं. आपण म्हणतो उतू गेलं. जातंच ना ते?

एकदा मी खुणा करून करून विचारलं, की 'गो' आणि 'कम' मला येतात, मग दर वेळी मागं ते बारकं काय लावता? मॅडम इकडंतिकडं बघायला लागल्या. समोर मावशीची म्हैस माश्या हाकत उभी होती. त्यांनी म्हशीकडं बोट केलं, "गो." मग तिच्या शेपटाकडं, "अप, डाऊन, ऑफ, ओव्हर." शेपटाला मराठीत काय म्हणतात ते विचारून घेतलं. म्हणजे म्हैस तीच, पण शेपूट कुठं गेलंय ते बघ. मावशी भाकरीच्या थांब्यात म्हणाली, "तुमच्याकडं म्हशीची पारख मागनं करत्यात व्हय?" पण मला जे कळायचं ते कळलं. 'शेपूट' हा मॅडमचा पहिला मराठी शब्द. त्या दिवसापासून मी नुसतं 'गो' म्हणाले की त्या भुवया उंचावून विचारायच्या, "शेपूट?" आणि मी शोधून लावायची. फक्त 'ऑफ'नं मला छळलं. लाईट गेली की गोज ऑफ, गजराचं घड्याळ वाजलं तरी गोज ऑफ, आणि दूध नासलं तरी गोज ऑफ. मी म्हटलं, एकाच शेपटानं दिवा विझवता आणि घड्याळ वाजवता? मॅडमनं खांदे उडवले. तूही उडव ऋतू, त्याला दुसरा इलाज नाही.

आणि 'येते'ची गोष्ट. पहिल्या दिवशी भात खाऊन मी निघाले तेव्हा तोंडातून आपसूक आलं, "मॅडम, आय कम." येते, म्हणून. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, आलीच आहेस की, आता जा. पण मॅडमचा चेहरा असा उजळला! त्यांनी त्यांच्या भाषेत काहीतरी म्हटलं, 'पोयिट्टु वरेन' असं. मग फोड करून सांगितलं, गो अँड कम. जाऊन येते. त्यांच्याकडंही नुसतं 'जाते' म्हणत नाहीत, म्हटलं की घरची थोरली बाई तोंडावर हात ठेवते. तेव्हापासून आम्ही दोघी एकमेकींना "गो अँड कम" म्हणायचो, खोली ते चूल एवढंच अंतर असलं तरी.

पुढं एक दिवस मावशीनं मॅडमकडं नुसतं बघितलं आणि मला म्हणाली, "हिला दिवस गेल्यात गं." मी मोठ्या हौसेनं जाऊन सांगितलं, "मॅडम, युवर डेज गो." त्यांनी सुस्कारा टाकला, "येस हौसा, डेज आर गोइंग." दिवस चाललेत खरे! मावशीला कळेना, एवढी आनंदाची गोष्ट सांगितली आणि बाई उसासे का टाकते. शेवटी मावशीनं पोटापुढं हात गोल करून दाखवला तेव्हा मॅडम लाजल्या. बघ ना, आपल्याकडं 'जाणं'च किती कामं करतं. मूल पोटात आलं तरी दिवस जातात, आणि माणूस संपलं तरी ते जातंच. ह्या शेवटच्या जाण्यानंच पुढं आमचा घात केला असता.

सातव्या महिन्यात मॅडमच्या पायांवर सूज आली. नारायणगावच्या डॉक्टरांनी बजावलं, खाटेवरून उठायचं नाही, धक्का नको, प्रवास तर नाहीच, नाहीतर बाळाची खात्री नाही. आणि त्याच आठवड्यात तिकडून निरोप आला, की त्यांच्या वडिलांना दवाखान्यात ठेवलंय, छातीचं दुखणं. मॅडम त्यांना 'आप्पा' म्हणायच्या. आई लहानपणीच वारलेली, वाढवलं ते आप्पांनीच. आता ह्यांना जाता येईना, तिकडचं कळेना. गावात फोन एकच, समोरच्या आप्पाशेठच्या किराणा दुकानात. मॅडम खिडकीतून दिवसभर त्या दुकानाकडं बघत पडून असायच्या. जेवायच्या नाहीत. मी ताकभात कालवून समोर धरायची, दोन घास घ्यायच्या आणि ताट सरकवायच्या. मावशी दाराआडून बघायची आणि मान हलवायची. "पोटातलं काय खाईल गं तिच्या?"

एका दुपारी आप्पाशेठनं दुकानातून आरोळी ठोकली, "हौशे, मद्रासीणबाईचा फोन! पळ, लांबचा हाय!" साहेब कामावर होते. मॅडम उठायला लागल्या, मावशीनं त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं, आणि मी धावले. दुकानात शेजारची गंगूकाकी चहापावडर घेत उभी होती. मी फोन कानाला लावला तर आत नुसती खरखर, जसं कुणी कढईत मुरमुरे भाजतंय. त्यातून एका पुरुषाचा आवाज, मॅडमच्या मोठ्या भावाचा. "टेल विजया... आप्पा..." खरखर. "...गोइंग..." मी ओरडले, "आप्पा गो?"

"ए पोरी," आप्पाशेठ तागडीवरनं म्हणाले, "मी कुठं गेलो? हितंच हाय की तुझ्याम्होरं!"

"येस, येस," फोनमधून आवाज आला, "गोइंग होम... टुमारो..." खरखर. "टेल हर... डोंट कम..." आणि फोन कट.

मी फोन ठेवला. गोइंग होम. डोंट कम. घरी गेले, आता येऊ नका. येऊन तरी काय उपयोग, असंच ना? मला वाटलं मी ते मनातल्या मनात म्हटलं, पण तोंडातून बाहेर पडलं असावं, कारण आप्पाशेठनं तागडी खाली ठेवली.

"तुमी न्हाई आप्पा," मी म्हटलं. "मॅडमचे आप्पा. वडील. घरी... घरी गेले म्हणत्यात." आणि 'गेले' म्हणताना माझा आवाज फाटला.

गंगूकाकीनं चहाचा पुडा तिथंच ठेवला. "देवाघरी?"

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मलाच ठाऊक नव्हतं. गंगूकाकीला मात्र पुरेसं झालं. ती पदर डोक्यावर ओढून निघालीसुद्धा.

मी घरी येऊन मागच्या दारी मावशीला सांगितलं. तिनं आधी तवा खाली उतरवला. मग म्हणाली, "आत्ता कायबी बोलायचं न्हाई. सायेब येऊ दे. पोटात ल्येकरू हाय तिच्या, धक्का बसला तर दोन जीव जातील. फोन आला व्हता, आवाज आला न्हाई, एवढंच सांग. आन् तोंड धू. रडलीस तर उलटी टांगीन." मी तोंड धुतलं. मॅडमना जाऊन सांगितलं, "फोन... नो साऊंड." त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा खिडकीकडं तोंड केलं. मी त्यांच्या पायाशी बसून पाय दाबायला लागले. मान वर करायची सोय नव्हती.

आता आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. ज्या घरात माणूस जातं त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारपाजारचे पिठलं-भाकरी आणून देतात. खोडदमध्ये कुणाला काही सांगावं लागत नाही, गंगूकाकीनं सांगितलं की झालं. तासाभरात ती स्वतःच आली, हातात झाकलेलं ताट. तिच्यामागं आणखी दोघी. ह्या बायका इतक्या महिन्यांत मॅडमच्या दाराशी फिरकल्या नव्हत्या. 'मद्रासीण' म्हणून लांबूनच बघायच्या, त्यांच्या केसातल्या फुलांवरून कुजबुजायच्या. आज एकेक आत आली, ताट ठेवलं, आणि न बोलता भिंतीला टेकून बसली. मावशी दारात येऊन डोळे वटारत होती, पण आलेल्या बाईला पिठलं परत ने म्हणून कसं सांगणार? आणि मॅडम! त्यांना काय वाटलं असेल सांग? त्यांना वाटलं, गावानं आपल्याला आपलं म्हटलं. त्या उशीला टेकून उठून बसल्या. "या, बसा," आपलं सगळं मराठी त्यांनी तिथं खर्ची घातलं. "सण आहे? छान, छान." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा भाकरीचा मोठा तुकडा मोडून पिठल्याशी खाल्ला. तिखट लागलं, डोळ्यांत पाणी आलं, तरी खात राहिल्या. ते पाणी बघून गंगूकाकीला राहवलं नाही. ती उठली आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. "खा गं बाई, खा. काय करायचं, सगळ्यांनाच जायचंय."

मॅडमचा हात ताटात थांबला. शब्द कळले नसतील, पण हात कळतो. त्यांनी गंगूकाकीकडं बघितलं, भिंतीशी बसलेल्या दोघींकडं बघितलं, त्या झाकलेल्या ताटांकडं बघितलं. मग माझ्याकडं. चेहऱ्यावरचं रक्त उतरत गेलेलं मला दिसलं. "हौसा," त्या म्हणाल्या, "फोन. व्हॉट दे सेड?"

मावशी दारातून खाकरली. पण मला त्या डोळ्यांपुढं 'नो साऊंड' म्हणवेना. "आप्पा," मी म्हटलं. "गो."

गंगूकाकीचा हात पाठीवर तसाच. मला वाटलं आता ह्या किंचाळतील, आता पडतील. त्यांनी दोन्ही हातांनी पोट धरलं. आणि मग, इतक्या हळू की मला ओठांवरून वाचावं लागलं, त्यांनी विचारलं, "शेपूट?"

मला कळेचना. एवढ्यात शेपूट? "हौसा," त्यांनी माझं मनगट पकडलं, "गो... शेपूट काय? अवे? ऑफ? टेल मी."

मी डोळे मिटले. दुकान आठवलं, तागडी आठवली, ते मुरमुरे भाजल्यासारखी खरखर आठवली. त्यातून आवाज वेचत गेले, तांदळातून खडे वेचतो तसे. "गोइंग," मी म्हटलं. "गोइंग... होम."

"होम?"

"होम. आणि..." तो एक शब्द मी ऐकला होता गं, पण गडबडीत कुठंतरी सांडला होता. तो आत्ता हाताला लागला. "टुमारो. गोइंग होम टुमारो."

"टुमारो?" मॅडम म्हणाल्या. आणि त्यांच्या तोंडातून असा एक आवाज निघाला, की हसणं की रडणं कळेना. "टुमारो! हौसा, टुमारो!" दवाखान्यातून सोडतायत, आप्पा उद्या घरी जाणार. आपल्या घरी. खाटेवर. तू यायची धडपड करू नको म्हणून सांग. एवढाच निरोप होता तो. मी मराठीत सांगायला लागले तर माझं मलाच हसू फुटलं. अगं, गेलेलं माणूस उद्या जाईन म्हणून कळवतं का कधी?

मॅडम हसायच्या थांबेनात. मावशी धावत आली, "हसू नगं बाई, पोटाला लागंल! ए हौशे, हसवू नगं तिला!" आणि स्वतःच भिंतीला धरून हसायला लागली. गंगूकाकी एकटी गोंधळून उभी. "म्हंजे म्हातारा हाय?"

"हाय की!"

"मंग माझं पिठलं?"

त्यावर पुन्हा सगळ्या हसल्या. पण मावशी गंभीर झाली. दुखवट्याचं पिठलं जिवंत माणसाच्या नावानं घरात ठेवायचं नाही, असं तिचं म्हणणं. परत न्यायचं नाही, असं गंगूकाकीचं. शेवटी मावशी आत गेली, कणगीमागून माझं ते तळेघरचं तांदळाचं गाठोडं काढलं आणि माझ्या पुढ्यात टाकलं. "भात घाल. समद्यांना. भाताबरोबर खाल्लं म्हंजे ते जेवण झालं, दुखवट्याचं न्हाई ऱ्हायलं." अशी काही रीत मी आधीही ऐकली नव्हती आणि नंतरही नाही. मावशीनं ती तिथल्या तिथं काढली. मी मोठ्या पातेल्यात भात घातला, मॅडमनं खाटेवरूनच पेज कधी ओतायची ते सांगितलं, आणि दिवेलागणीला साहेब जीपमधून उतरले तेव्हा त्यांच्या खोलीत, अंगणात, पायरीवर बायका भात-पिठलं जेवत होत्या. ते बिचारे दारातच थांबले. गंगूकाकी म्हणाली, "कम इन, सायेब, कम इन!" तिनं ते कधी उचललं होतं कुणास ठाऊक.

मॅडमना मुलगी झाली, धडधाकट. आप्पा नात बघायला खोडदपर्यंत आले, काठी टेकत. आप्पाशेठनं त्यांना दुकानात बसवून चहा पाजला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं, "ह्ये बी आप्पाच. आमी दोघंबी एकाच दिवशी गेलो व्हतो." मग वर्षभरात साहेबांची दुसरीकडं बदली झाली. जीपमध्ये बसताना मॅडमनं लेकीला माझ्या हातून घेतलं. मला वाटलं नेहमीचं म्हणतील, गो अँड कम. पण त्या मराठीत म्हणाल्या, स्वच्छ, "हौसा, येते." शेपूट नाही, काही नाही.

त्या अजून आलेल्या नाहीत. पत्ता हरवला, माणसं पांगली. मावशी गेली, आणि ते मात्र खरं जाणं होतं. माझं लग्न होऊन मी राजुरीला आले, तुझी आई झाली, तू झालीस. पण भात घालताना अजून मी एक मूठ जास्त घालते. येते म्हणून गेलेलं माणूस कधीही दारात उभं राहील, तेव्हा पातेल्यात खडखडाट नको.

तर ऋतू, तुझ्या त्या क्रियापदांचं एवढंच. म्हैस ओळखीचीच आहे, शेपटाकडं लक्ष ठेव, आणि निरोप अर्धा ऐकून कुणाच्या घरी पिठलं नेऊ नकोस. मागं तू मला हटकलं होतंस, की आजी, एसटीतून गेट डाऊन नाही, गेट ऑफ म्हणावं. बरं, तसं म्हणते. शनिवारी सकाळच्या गाडीला बस, आळेफाट्याला गेट ऑफ हो, तिथून राजुरीला मिळेल त्यानं ये. कम ओव्हर म्हण, कम डाऊन म्हण, कम बॅक म्हण, कुठलं शेपूट लावायचं ते लाव, नाहीतर नको लावूस. भात मी घालून ठेवते. तू ये.